एकशे बेचाळीस आणि एक

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
म्हणून शहर अधिवेशनात हात मोजायचं काम
आपसूक माझ्याकडे आलं.
सोपंय दगूनाना, म्हणाले,
तुम्ही फक्त मान हलवायची.

जेलरोडचं मंगल कार्यालय.
कालच्या लग्नातलं थर्माकोलचं बदाम
बॅनरच्या कडेनं अजून डोकावत होतं,
त्यावर नावं नव्हती, नुसतं ‘वेड्स’ उरलेलं.
प्रतिनिधींना पिवळा बिल्ला, निमंत्रितांना गुलाबी,
आणि ज्यांना बिल्ला लागत नाही
त्यांना पुढं सोफा.

पहिला ठराव श्रद्धांजलीचा. दुसरा अभिनंदनाचा.
तिसरा कशाचा, ते वाचणाऱ्यालाही कळलं नाही,
त्याचा चष्मा गाडीत राहिला होता.
हात वर जायचे, खाली यायचे.
मी मान हलवायचो.

पाचवा: वॉर्ड अध्यक्षांच्या नेमणुकांना मान्यता.
यादी टाइप होऊन आलेली, वरून,
टाचणीसुद्धा वरूनच मारलेली.
विरोधात कोणी? अध्यक्षांनी विचारलं,
जसं पंगतीत विचारतात, अजून कुणाला भात?
पातेलं उचलता उचलता.

मागून चौथ्या रांगेत एक हात.

यमुनाबाई खैरनार, सिन्नर फाटा.
मतदानाच्या दिवशी पहाटे सहाला टेबल टाकून बसते.
यादीतले वारलेले लाल पेननं, गाव सोडलेले हिरव्यानं.
कुणाची सून बाळंतपणाला ओझरला गेलीय,
कोण रिक्षा पाठवली तरच उतरेल,
कोण हो म्हणतो आणि दुसरीकडे बटण दाबतो,
सगळं तिला पाठ.
ती उठली. आवाज चढवला नाही.
म्हणाली, आमच्या शाखेची बैठक झालीच नाही.
हे नाव कुणी सुचवलं, तेवढं सांगा.
माणूस चांगला असेलही.
आम्ही त्याला पाहिलेला नाही.

कुणी हसलं. कुणी म्हणालं, मावशी, जेवणानंतर बोलू.
एक जण माइकची वायर तपासायला धावला.
वायर चांगली होती.
ती बसली नाही.
खांद्यातून कळ येत असावी,
दुसऱ्या हातानं तिनं कोपराला टेकू दिला,
पण हात वरच.

तेव्हा मी मोजले.
त्या दिवसात पहिल्यांदाच खरे मोजले,
मनातल्या मनात अंगठा ओला करत.
बाजूनं एकशे बेचाळीस. विरोधात एक.
नऊ जण फोनवर होते, ते धरले नाहीत.

अध्यक्ष माझ्याकडे झुकले.
नाना, लिहा, एकमतानं.

प्रेसमध्ये एकदा एक नोट कमी भरली होती.
दहाची.
फाटक बंद. पाळी सुटलेली, डबे केव्हाच रिकामे,
आणि आम्ही सगळे रात्री साडेदहापर्यंत
टेबलाखाली, यंत्राखाली,
शेवटी एकमेकांच्या बुटांत शोधत राहिलो.
शिव्या पुष्कळ दिल्या.
पण जाऊ द्या, एकच तर आहे,
असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.
सापडली. बंडलाच्या पट्टीला चिकटून बसली होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. जिलबी निवत होती.
वहीत लिहिलं: १४२, १.
पक्की प्रत पुढं शहर कार्यालयात टाइप होते,
तिथं माझं पेन पोचत नाही.

जेवणाच्या रांगेत ती माझ्या पुढं.
ताट डाव्या हातात, उजवा अजून अवघडलेला.
मागं न बघता विचारलं, किती भरले?
एकशे बेचाळीस.
आणि?
आणि एक.
बरोबर आहे, म्हणाली,
पुढल्या खेपेला आमच्या फाट्याला पिवळे बिल्ले अकरा लागतील.
पावत्या फाडल्यात मी.
लिहून ठेवा.

वही पिशवीत, पिशवी खुर्चीवर.
मी तिथंच बोटांवर धरायला लागलो, अकरा, अकरा,
तर वाढपी ओरडला,
ओ नाना, पुढं सरका,
मठ्ठा संपत आलाय.